पात्रतेची रेघ: उत्पन्न, मालमत्ता आणि सरकारी मदत

या व्याख्यानमालेत आतापर्यंत आपण न्याय, समता, हक्क असे मोठमोठे शब्द हाताळले. आज जरा खाली उतरू या, थेट तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत. तिथे दोन साधे प्रश्न विचारले जातात. वार्षिक उत्पन्न किती? आणि घरात, शेतात काय काय आहे? या दोन उत्तरांवर कुणाला दरमहा सरकारी पैसे मिळायचे आणि कुणाला नाही, हे ठरतं. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, अर्थशास्त्र नव्हे. पण न्यायाची खरी परीक्षा ग्रंथात होत नाही, अशा खिडकीवरच होते, म्हणून आज हा विषय घेतला.

तीन गोष्टी क्रमाने बघू. उत्पन्न कसं ठरवतात, मालमत्ता कशी ठरवतात, आणि हे ठरल्यावर जी रेघ ओढली जाते ती ओलांडणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं. तिसऱ्या गोष्टीकडे सहसा कुणी बघत नाही. तिथे आपण जास्त वेळ थांबू.

रक्कम एक, रेघा दोन

आकड्यांचा घोळ नको म्हणून २०२४-२५ हे एकच वर्ष समोर ठेवू. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासून आहे. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले अशा लोकांसाठी ती आहे. त्या वर्षी तिची रक्कम होती महिना १५०० रुपये. अट अशी की दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार. पासष्टीनंतर माणूस श्रावणबाळ योजनेकडे जातो. तिथेही रेघ तीच, २१ हजारांची.

त्याच वर्षी, जुलै २०२४ पासून, मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिना १५०० रुपये. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख.

रक्कम एकच आहे, बघा. पण एका रेघेची उंची दुसरीच्या जवळजवळ बारापट आहे. आणि जी खालची रेघ आहे, ती निराधारांसाठी आहे!

आता हे २१ हजार म्हणजे नेमके किती, ते मोजू. २०२४-२५ साली रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रातली मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. एकाहत्तर दिवस काम केलं की २१,०८७ रुपये होतात. म्हणजे सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दराने एकाहत्तर दिवस खडी फोडली की ते कुटुंब या रेघेच्या बाहेर गेलं. आणि सरकारची हमी तर कुटुंबाला शंभर दिवसांची होती! एका कायद्याने दिलेली हमी पूर्ण झाली, तर दुसऱ्या योजनेतली पात्रता जाते. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचले नाहीत, एवढंच.

आणखी एक उदाहरण. समजा, एका बाईच्या घरचं उत्पन्न वर्षाला एक लाख आहे. तिला लाडक्या बहिणीचे १५०० मिळतात. तिला पासष्ट पूर्ण होतात. वयामुळे ती योजना थांबते. श्रावणबाळसाठी वय झालेलं असतं, पण तिथे रेघ २१ हजारांची. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर तिला काहीच नाही. हातपाय थकले, औषधं वाढली आणि नेमकी त्याच वाढदिवसाला मदत बंद झाली. तिचं उत्पन्न एका रुपयानेही वाढलेलं नाही. तिने फक्त वय वाढण्याचा गुन्हा केला.

उत्पन्न: मोजलेलं की सांगितलेलं?

"उत्पन्न" हा शब्द आपण असा वापरतो की जणू ते वजनकाट्यावर ठेवता येतं. पगारदाराचं येतं. त्याच्या हातात फॉर्म सोळा असतो. पण शेतमजूर, भाजीवाली, धुणंभांडी करणारी बाई, बिगारी कामगार यांचं उत्पन्न कुठे लिहिलेलं असतं? कुठेच नाही. चार दिवस काम, तीन दिवस खाडा. सुगीत हातात पैसा, उन्हाळ्यात उसनवारी.

मग दाखला कसा निघतो? अर्जदार स्वयंघोषणापत्र देतो. तलाठी चौकशी करून अहवाल देतो. तहसीलदारांच्या सहीने उत्पन्नाचा दाखला मिळतो. या साखळीत प्रत्येक जण अंदाज करतो आणि शेवटी तो अंदाज आकडा होऊन बाहेर पडतो. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर हे मापन नाही, ही साक्ष आहे. साक्षीचं एक वैशिष्ट्य असतं. ती कशासाठी द्यायची आहे हे माहीत असलं की तिचा सूर बदलतो. ज्या योजनेची मर्यादा जेवढी, त्याच्या जरासा आत तो आकडा येऊन बसतो. याला लबाडी म्हणण्याआधी थांबा. ज्याचं उत्पन्न खरोखरच कुणाला ठाऊक नाही, त्याला स्वतःलाही नाही, त्याने आकडा सांगायचा कुठून?

कधी कधी तर जुनी साक्षच नव्याने वापरतात. महाराष्ट्रात तीन रंगांची शिधापत्रिका १९९९ साली आली. पिवळी पंधरा हजारांपर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, पांढरी त्याच्या वर. लाडकी बहीण योजनेत पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नाही. अर्जदारांची दगदग वाचली, ते चांगलंच झालं. पण अर्थ काय झाला? कधी काळी मिळालेलं कार्ड आजच्या उत्पन्नाबद्दल साक्ष देतं आहे.

आणि उत्पन्न मोजायचं कुणाचं? या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. नवऱ्याचं उत्पन्न तीन लाख असेल तर बायको अपात्र. नवरा तिच्या हातावर महिन्याला काही ठेवतो की नाही, हा रकाना अर्जात नाही. घर नावाच्या पेटीच्या आत वाटप कसं होतं हे सरकारला दिसत नाही, म्हणून ते सगळ्यांना सारखंच मिळतं असं धरून चालतात. ज्या बाईला स्वतःच्या हातात चार पैसे येण्याची सगळ्यात जास्त गरज आहे, ती अनेकदा या गृहीतकामुळेच बाहेर राहते.

मालमत्ता: डोळ्यांना दिसणारी

उत्पन्न दिसत नाही, म्हणून सरकार वस्तूंकडे बघतं. वस्तू दिसतात. चारचाकी आहे का? असेल तर बाहेर, मात्र ट्रॅक्टर चालतो. घरात कुणी आयकर भरतो का? मग बाहेर. २०११च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत अशा चौदा खुणा होत्या. दुचाकी, फ्रिज, लँडलाइन फोन, पक्क्या भिंती-छताच्या तीन खोल्या, ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड. यांतली एक जरी खूण सापडली तरी ते कुटुंब वंचितांच्या यादीतून आपोआप बाहेर. त्याआधी २००२च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत तेरा प्रश्न होते आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्यात माणशी कपडे किती, हाही प्रश्न होता. परीक्षेत नापास झालो तर पास, अशी ती परीक्षा.

या पद्धतीत तीन अडचणी आहेत.

पहिली, वस्तूंचा अर्थ बदलतो, नियम मात्र जागच्या जागी राहतो. पिवळ्या शिधापत्रिकेच्या अटींत घरी दूरध्वनी नसावा, अशी अट आहे. १९९९ साली घरातला फोन ही सुबत्तेची खूण होती, हे आपल्याला आठवत असेल. आज फोनशिवाय सरकारी योजनेचा अर्जच भरता येत नाही! प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून दुचाकीची अट काढली गेली ती २०२४ साली. तोवर कितीतरी गावांत दुचाकी ही चैन राहिली नव्हती, ती कामावर जाण्याचं साधन झाली होती.

दुसरी, दिसणारी मालमत्ता पकडली जाते, न दिसणारी सुटते. दारातली जुनी व्हॅन परिवहन खात्याच्या नोंदीत सापडते. कपाटातलं सोनं सापडत नाही. व्हॅनच्या हप्त्यांत बुडालेला माणूस मालमत्ताधारक ठरतो आणि दागिने बाळगणारा गरीब.

तिसरी अडचण मजेशीर आहे. मालमत्ता दर वेळी माणसाला बाहेरच काढते असं नाही, कधी तीच आत घेते. पीएम किसान योजनेत वर्षाला सहा हजार मिळतात, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. तिथे शेतजमीन नावावर हवी. सातबारा नाही तर पैसे नाहीत. सुरुवातीला दोन हेक्टरांची मर्यादा होती, ती २०१९ सालीच काढली. म्हणजे वीस एकरवाला आत आणि त्याच्याच शेतात राबणारा भूमिहीन बाहेर. त्या योजनेच्या नावाप्रमाणे ते बरोबरही असेल. पण मग "गरज" आणि "पात्रता" हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपण मान्य करायला हवं. गरज माणसाच्या पोटात असते, पात्रता कागदावर असते. दोघींची गाठ पडेलच, याची खात्री नाही.

एका दाण्याचा ढीग

आता तिसरी गोष्ट. ग्रीकांकडे एक जुनं कोडं आहे. ते मिलेटसच्या युब्युलिडीसच्या नावावर सांगतात. धान्याचा ढीग घ्या. एक दाणा काढला तर ढीग राहतो ना? राहतो. आणखी एक काढला तर? तरीही राहतो. असं करत करत शेवटी एकच दाणा उरतो. ढीग संपला कधी? नेमका कोणता दाणा काढल्यावर?

गरिबीचं तसंच आहे. २,५०,००० रुपये उत्पन्नाचं कुटुंब गरजू आणि २,५०,००१ रुपयांचं गरजू नाही, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. यावर प्रशासक म्हणतात, "सर, रेघ कुठेतरी ओढावीच लागते. मतदानाचं वय अठराच का?" बरोबर आहे. रेघ ओढावीच लागते, याबद्दल आमचा वाद नाही. प्रश्न वेगळा आहे. रेघ ओलांडल्यावर माणूस पायरी उतरतो की कड्यावरून खाली पडतो?

हिशेब करू. एका घराचं उत्पन्न २,४९,००० आहे. योजनेचे वर्षाचे १८,००० धरून हातात आले २,६७,०००. शेजारच्या घरी बाईने दोन घरची जास्तीची कामं धरली. त्यांचं उत्पन्न झालं २,५५,०००. त्यांना योजना नाही. म्हणजे सहा हजार जास्त कमावले आणि वर्षअखेरीस बारा हजारांनी मागे पडले. अडीच लाखांपासून दोन लाख अडुसष्ट हजारांपर्यंत कुठेही असलेलं कुटुंब कमावून तोट्यात आहे. जास्त काम करणाऱ्याला दंड, आणि आकडा सहा हजारांनी कमी सांगणाऱ्याला अठरा हजारांचं बक्षीस. एवढा मोबदला खोटेपणाला आपणच लावून ठेवायचा आणि मग लोक खोटं बोलतात म्हणून कपाळाला हात लावायचा!

कुणी म्हणेल, नियम हे असेच असायचे. नाही, नियम असेच असायला हवेत असं नाही. आपलं सरकार दुसऱ्या एका ठिकाणी हे फार उत्तम करतं. कुठे? आयकरात. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. आता एखाद्याचं करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तर? टप्प्यांच्या दराने कर होतो ६१,५००. म्हणजे दहा हजार जास्त कमावले म्हणून साडेएकसष्ट हजार भरायचे. हा अन्याय झाला, हे कायदा करणाऱ्यांच्या लगेच लक्षात आलं. म्हणून मार्जिनल रिलीफ नावाची तरतूद आहे. मर्यादेच्या वर जेवढं कमावलं, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. दहा हजार वर गेलात, तर उपकर सोडून कर दहा हजारच.

बघा, कड्याचं काय करायचं हे आपल्याला माहीत आहे. कायद्यात कसं लिहायचं, तेही माहीत आहे. बारा लाखांच्या रेघेवर उभ्या असलेल्या माणसासाठी आपण कठडा बांधला. एकवीस हजारांच्या रेघेवर उभ्या असलेल्या विधवेसाठी बांधला नाही. आजच्या व्याख्यानातून एवढी एकच गोष्ट घरी नेलीत तरी पुरे.

कडा आणि घाट

सह्याद्रीत हिंडलेल्यांना सांगायला नको, कोकणात उतरायचं तर कड्यावरून उडी मारत नाहीत, घाटाने उतरतात. काही देशांनी मदतीला असे घाट बांधले आहेत. आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं मेलबर्न-सिडनीला आहेत, म्हणून ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घेऊ. तिथे सदुसष्ट वर्षांनंतर एज पेन्शन मिळतं. एका ठरावीक उत्पन्नापर्यंत ते पूर्ण मिळतं. त्यापुढे एकट्या माणसाने कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे पेन्शन पन्नास सेंटने कमी होतं. डॉलर कमावला तर निम्मा हातात राहतो. कमावून तोटा होत नाही.

मालमत्तेची परीक्षा वेगळी आहे. राहतं घर त्यात धरत नाहीत. बाकी मालमत्ता मर्यादेच्या वर गेली की दर हजार डॉलरमागे पंधरवड्याला तीन डॉलर कमी. दोन्ही परीक्षा करतात आणि जिच्यात पेन्शन कमी येतं, ती लागू होते. हा घाटही तसा उभाच आहे. पंधरवड्याला तीन म्हणजे वर्षाला अठ्ठ्याहत्तर डॉलर. साठवलेल्या हजारावर त्याहून कमी व्याज मिळत असेल, तर साठवणाऱ्याला ते बोचतं. शिवाय आलिशान घरात राहणाऱ्याचं घर मोकळं आणि भाड्याने राहणाऱ्याची बँकेतली ठेव हिशेबात, अशी तक्रार आहेच. भाडेकऱ्याला मालमत्तेची मर्यादा जास्त ठेवून ती थोडी भरून काढली आहे, इतकंच.

मग हीच पद्धत उचलून इथे आणावी का? नाही आणता येणार. डॉलरमागे पन्नास सेंट कापायचे तर डॉलर किती मिळाले हे सरकारला कळायला हवं. आपल्याकडे बहुतेकांचं उत्पन्न कळतच नाही, हे आपण पाहिलं. घाटाची कल्पना मात्र घेता येते.

दोन चुका

कोणत्याही अशा रेघेत दोन प्रकारच्या चुका होतात. हक्काचा माणूस बाहेर राहतो, ही एक. नको तो माणूस आत शिरतो, ही दुसरी. एक कमी करायला जावं तर दुसरी वाढते. अटी कडक केल्या की घुसखोर कमी होतात, पण कागद न जमलेली म्हातारीही गळते. अटी सैल केल्या की उलट. दोन्ही एकदम शून्यावर आणणं शक्य नाही. म्हणून कोणती चूक जास्त वाईट, हे ठरवावं लागतं, आणि हा निर्णय आकड्यांचा नाही, नीतीचा आहे. आमचं मत स्पष्ट आहे. नको त्याला १५०० गेले तर तिजोरीचं नुकसान होतं. हक्काच्या माणसाचे १५०० गेले तर त्याच्या गोळ्या बंद होतात. या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

तपासणीची आणखीही एक किंमत असते. अमर्त्य सेन यांनी १९९५ सालच्या एका लेखात गरिबांना निवडून मदत देण्याचे छुपे खर्च मांडले आहेत. माहिती दडवली जाते, कमावण्याची इच्छा मंदावते, तपासणीवर पैसा जातो, भ्रष्टाचाराला वाव मिळतो आणि माणसाला कमीपणा येतो. शेवटच्या मुद्द्यावर जोनाथन वुल्फ या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९९८ साली नेमकं बोट ठेवलं. आपण किती लाचार आहोत हे अनोळखी माणसासमोर सिद्ध करायला लावणं, हाच एक अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे तर "निराधार" हा शब्दच योजनेच्या नावात आहे. तो स्वतःच्या तोंडाने म्हणून सही करावी लागते.

याला पर्याय महाराष्ट्रानेच दाखवला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी. १९७२च्या दुष्काळात ती कसाला लागली, १९७७ साली कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. तिथे उत्पन्नाचा दाखला नव्हता. ज्याला गरज आहे, तो उन्हात खडी फोडायला येईल, ज्याला नाही, तो येणार नाही. निवड माणूस स्वतः करतो. अर्थात, हा मार्ग धडधाकट माणसासाठी. अंथरुणावरच्या माणसाला खडी फोड म्हणता येत नाही. त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे, वय किंवा अवस्था हाच निकष ठेवायचा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं. जन्मतारीख बघायची, बस्स.

मग करायचं काय?

तिजोरीला तळ असतो, हे मान्य. सगळ्यांना सगळं द्या, असं आम्ही म्हणत नाही. तीन साध्या गोष्टी मात्र होऊ शकतात. एक, उत्पन्नाची मर्यादा मजुरीच्या दराला बांधून टाकावी. मजुरी वाढली की मर्यादा आपोआप वाढेल आणि रोजगाराची हमी घेणारं कुटुंब निराधार योजनेबाहेर फेकलं जाणार नाही. दोन, रेघ ओलांडली की पैसे एकदम बंद न करता निदान एक मधली पायरी ठेवावी, त्या पट्ट्यात अर्धी रक्कम द्यावी. रुपयारुपयाचा हिशेब लागत नाही, एक पायरी पुरते. तीन, एका योजनेतून दुसरीत जाताना, जसं पासष्टीला, पहिली बंद होण्याआधी दुसरीचं दार उघडं आहे का, हे बघण्याची जबाबदारी अर्जदारावर न टाकता कचेरीवर टाकावी.

व्याख्यानानंतरचे दोन प्रश्न

*प्रश्न: सर, मधली पायरी ठेवली तरी त्या पायरीलाही काठ असणारच ना? ढिगाचं कोडं सुटलं कुठे?*

बरोबर पकडलंत. कोडं सुटत नाही, काठ मात्र बुटका होतो. अठरा हजारांची एक उडी आणि नऊ-नऊ हजारांच्या दोन पायऱ्या यांत तर्काच्या दृष्टीने फरक नाही. गुडघ्यांच्या दृष्टीने फार आहे.

*प्रश्न: पण खोटे दाखले काढून पैसे उचलणारे आहेतच. त्यांच्याबद्दल आपण काहीच बोलला नाहीत.*

आहेत. ज्यांच्याकडे चांगली नोकरी आहे, आयकर आहे, त्यांची नोंद सरकारकडे आहेच. त्यांना शोधावं, वसुली करावी, आमची हरकत नाही. फक्त तपासणीचा सगळा भार ज्याच्याकडे कागदच नाहीत, त्याच्यावर पडू नये. गेल्या काही वर्षांत आपण "लाभार्थी" हा शब्द फार वापरू लागलो आहोत. त्या शब्दात, याला काहीतरी फुकट मिळतं आहे, अशी छटा आहे. बारा लाखांवर मार्जिनल रिलीफ घेणाऱ्याला मात्र आपण लाभार्थी म्हणत नाही, करदाता म्हणतो. दोघांनाही सरकारने रेघेच्या काठावर सांभाळायचं आहे. एकाला सांभाळलं आहे, दुसरा अजून वाट बघतो आहे. इथे थांबू या.